मागं काय पोचलं?

गुरुजी, तुमच्यासाठी एक निरोप आहे. शनिवारी तुमच्या शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली, तिथे तो माझ्या हाती आला. आल्या आल्या सांगून टाकला असता, पण तुम्हीच म्हणायचात, ही पोरगी उत्तर आधी सांगती आणि प्रश्न नंतर. म्हणून या वेळी क्रमाने सांगते. तुमचा जन्म, नोकरीची वर्षं, बदलीची गावं हे सगळं फळ्यावर लिहिलं होतं आणि मुख्याध्यापकांनी ते वाचूनही दाखवलं. तुम्ही असता तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिला असता.

आपली ओळख अवघी चार वर्षांची. मी परभणीला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रोज पेडगावहून ये-जा करायचे. छात्रसेवेसाठी, म्हणजे खऱ्या शाळेत खऱ्या मुलांसमोर शिकवायला शिकण्यासाठी, कॉलेजने मला झरीच्या पुढे तुमच्या गावच्या शाळेत पाठवलं. मैत्रिणींना खणखणीत आवाजाचे मार्गदर्शक मिळाले होते. मला तुम्ही मिळालात. पहिल्या दिवशी मी 'नमस्कार गुरुजी' म्हटलं, तर तुमचे ओठ हलले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, माणूस तुसडा दिसतोय. मग तुमच्या चौथीतल्या एका मुलीने मला समजावलं, "मॅडम, जवळ जावं लागतंय. गुरुजीचा आवाज दोन हातच जातो."

आणि मी कोण होते? आमच्या वस्तीचा लाऊडस्पीकर. नऊ वर्षांची असताना जयंतीच्या स्टेजवर बोलले आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात मलाच उभं करायचे. बक्षिसांनी आईची एक अख्खी फळी अडवली होती. शिक्षक म्हणजे पेटवणारा माणूस, अशी माझी पक्की समजूत. आपण बोलावं, मुलांचे डोळे चमकावेत, आणि त्यांनी घरी जाऊन आईला सांगावं की मला शिकायचंय. यापलीकडे शिकवणं म्हणजे काय असतं, याचा मी फार विचार केलेला नव्हता.

तुमचा वर्ग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो गोंधळच वाटला होता. तिसरी आणि चौथी एका खोलीत. तुम्ही पुढच्या बाकाशी वाकून काहीतरी पुटपुटायचात. त्या बाकावरची दोघं मागे वळायची आणि तेच दुसऱ्या बाकाला सांगायची. दुसरा बाक तिसऱ्याला. असं करत तुमचा प्रश्न भिंतीपर्यंत जायचा. तोवर तुम्ही कडेकडेने चालत मागे पोचलेले असायचात आणि शेवटच्या बाकाला विचारायचात, "मागं काय पोचलं?" कधी बरोबर पोचलेलं असायचं, कधी वाटेत त्याचं भलतंच झालेलं असायचं. भलतंच झालं की तुम्हाला भारी आनंद व्हायचा. कुठल्या बाकावर बिघडलं ते सगळी मुलं मिळून शोधायची. मग उत्तर त्याच वाटेने, बाकाबाकाने, पुढे यायचं. रोज ओळ बदलायची, आजची पहिली उद्या शेवटी. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक पोराला कधी ना कधी तुमचा धडा आपल्या तोंडाने दुसऱ्याला सांगावा लागायचा.

माझा पहिला सराव पाठ तुम्हाला आठवत असेल. चौथी, परिसर अभ्यास, मातीचे प्रकार. मी तीन रात्री जागून पाठाचं टाचण काढलं होतं. काळ्या मातीपासून सुरुवात केली आणि कुठल्या कुठे गेले. आपली माती, आपली माणसं, या मातीतून उद्याचे कलेक्टर उगवणार आहेत, वगैरे. शेवटचं वाक्य मी हात वर करून म्हटलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम, आणि खूश. तुम्ही खिडकीपासून चालत मागे गेलात आणि शेवटच्या बाकावरच्या गंगासागरला विचारलंत, मागं काय पोचलं?

ती उभी राहिली. "मॅडम लय भारी बोलतेत."

कशाबद्दल बोलल्या, असं तुम्ही विचारलंत. तिने प्रामाणिकपणे विचार केला.

"ते न्हाई कळलं, गुरुजी. पण लय भारी."

सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, याचे उपकार मी आजही मानते. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत आणि जवळ वाकून म्हणालात, "उद्या हाच पाठ परत घ्यायचा. फक्त तू बोलायचं न्हाई. एक शब्द बी न्हाई."

मला तो अपमान वाटला. घरी जाऊन आईला म्हटलं, म्हाताऱ्याला स्वतःला आवाज नाही म्हणून दुसऱ्याचा सोसवत नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण आता तुम्ही रागावू शकत नाही, आणि तेव्हाही रागावला नसतात.

दुसऱ्या दिवशी मी तीन डबे घेऊन आले. एकात वाटेवरच्या शेतातली काळी माती, एकात मुरूम, एकात नदीची वाळू. तिन्हींच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली होती. बोलायचं नव्हतं, म्हणून नुसते डबे मांडले आणि पाण्याचा तांब्या गंगासागरच्या हातात दिला. वाळूतून पाणी लगेच गळालं. मुरमातून जरा वेळाने आलं. काळ्या मातीने पाणी धरून ठेवलं आणि पोरांची भांडणं सुरू झाली. एक म्हणाला, ह्या डब्याला भोकच न्हाई. दुसरीने डबा उलटा करून भोक दाखवलं आणि अर्धी माती फरशीवर सांडली. कुणी म्हणालं, म्हणून तर आमच्या रानात चप्पल अडकती. एक मुलगा ठामपणे अगदी चुकीचं काहीतरी सांगत होता आणि मी ओढणीचं टोक दातात धरून उभी होते. बरोबर उत्तर माझ्या घशापर्यंत आलेलं. पण दोन मिनिटांनी मागच्या बाकावरून एकीने त्याला गप्प केलं, आणि माझ्यापेक्षा चांगल्या कारणाने. न बोलता माणूस एवढा थकतो हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या निरीक्षण वहीत तुम्ही दोनच शब्द लिहिलेत, 'आज पोचलं.' कॉलेजमधल्या मॅडमनी मला झापलं. मार्गदर्शकाचा शेरा किमान पाच ओळींचा हवा म्हणे. मी परत आले, तर तुम्ही तेच दोन शब्द मोठ्या अक्षरात लिहून पाच ओळी भरून दिल्यात.

त्यानंतर मी तुमची भक्तच झाले, आणि भांडण तिथूनच सुरू झालं. वर्षाच्या शेवटी आम्हाला एक निबंध लिहायचा होता, स्वतःच्या अध्यापनाच्या तत्त्वज्ञानावर. मी दहा पानं तुमच्यावर लिहिली. शिक्षकाने मागे सरावं, मुलांनी पुढे यावं, प्रश्न सगळ्या वर्गातून फिरावा, हे तुम्ही किती विचारपूर्वक उभं केलंय, असं सगळं. मोठ्या हौसेने तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "सुजाता, माझा गळा बसलेला हाय. त्याला एवढं मोठं नाव कशाला देतीस?"

मला वाटलं, तुम्ही विनयाने बोलताय. मग तुम्ही सगळं सांगितलंत. नव्या नोकरीत चार वर्ग एकट्याकडे होते. चारही वर्गांना ओरडून ओरडून आवाज गेला. नांदेडच्या डॉक्टरने बोलणं बंद करा म्हणून सांगितलं. त्याआधी तुमचा आवाज गोड होता, कविता चालीवर म्हणायला लागलात की शेजारच्या वर्गातली पोरं दाराशी येऊन उभी राहायची. आवाज गेल्यावर दुसरं काहीच करता येईना, म्हणून पुढच्या बाकाकडून मागे निरोप धाडायला लागलात. त्यात विचार कसला नि तत्त्वज्ञान कसलं. नड होती. "ज्याला कविता चालीवर म्हणता येत न्हाई, तो अर्धा मास्तर," असं तुम्ही म्हणालात, आणि ते तुम्ही खरंच मानत होता. पुढे तुमच्या घरी आले तेव्हा काकूंनीही मला सांगितलं. शाळेतून आलात की तुम्ही पाय धुता धुता रोज म्हणायचात, आज बी अर्धंच शिकवलं.

मला हे सहन होईना. त्या दिवसापासून जेव्हा भेटलो तेव्हा वाद. मी म्हणायचे, नड सगळ्यांनाच असते, तिच्यातून असा वर्ग उभा करणं सगळ्यांना जमत नाही. तुम्ही म्हणायचात, तुझा गळा बसला की तुला बी जमंल. मी म्हणायचे, तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखता. तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकून विषय संपवायचात.

दुसराही एक वाद होता, आणि त्यात मी अजून माघार घेतलेली नाही. तुम्हाला माझी भाषणं पटत नव्हती. पोरांना स्वप्नं दाखवून सोडून देऊ नको, म्हणायचात. पण गुरुजी, आमच्या वस्तीत एकदा एका बाईंनी स्टेजवरून सांगितलं होतं की पोरींना शाळेतून काढू नका. त्या एका भाषणामुळे आईने माझं लग्न थांबवलं. मग मी भाषणाला नावं कशी ठेवू? कुणीतरी एकदा मोठ्याने सांगावं लागतं की तुला जमेल. हे मी तुम्हाला म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सांग की. पन मोठ्यानं कशाला? जवळ जाऊन सांग."  

गेल्या वर्षी शिक्षक भरतीच्या पोर्टलवर माझं नाव लागलं आणि चुडाव्याजवळच्या एका शाळेत मला तिसरीचा वर्ग मिळाला. पेढे घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा काकूंनी हुरडा भाजला होता. तुम्ही मला खडूचा डबा दिलात आणि म्हणालात, वर्ग बसू दे, मग येऊन मागच्या बाकावर बसतो आणि बघतो काय पोचतंय ते. मी त्या दिवसापासून शेवटच्या बाकाची एक जागा रिकामीच ठेवली होती. मुलं विचारायची, मॅडम, इथं कोन बसनार हाय? मी सांगायचे, माझे साहेब येणार आहेत तपासणीला. ती जागा झाडताना पोरं जास्तच मेहनत घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. या जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या तयारीत ओरडून माझाही गळा बसला. पार बसला, तुमच्यासारखा दोन हातांचा. मला वाईट वाटायचं सोडून आनंद झाला. म्हटलं, आता गुरुजींचा वर्ग आपोआप होणार. सोमवारी पहिल्या बाकाशी वाकले, प्रश्न सांगितला, मागे पाठवा म्हणून खूण केली. गुरुजी, दहा मिनिटांत वर्ग उधळला. पहिल्या बाकाने प्रश्न ऐकला आणि उत्तर स्वतःच देऊन टाकलं. दुसऱ्या बाकावर ढकलाढकली झाली. मागच्या पोरांना प्रश्न पोचलाच नाही, त्यांनी बाकाखाली गोट्या काढल्या. शेजारच्या वर्गाचे सर धावत आले आणि त्यांनी एका आरोळीत सगळ्यांना गप्प बसवलं. मी खुर्चीवर बसले आणि मला रडूही आलं आणि हसूही आलं.

कारण त्या क्षणी मला वादातला माझा मुद्दा सापडला होता. गळा माझाही बसला, पण माझा वर्ग उधळला. मग मला आठवायला लागलं, तुम्ही काय काय करत होता. जूनचा अख्खा महिना तुम्ही पोरांना नुसतं ऐकायला शिकवायचात. कोण कोणाशेजारी बसलं तर निरोप पोचतो, कोण अबोला धरून आहे, कुणाला कोणाशी बोलायची लाज वाटते, हे सगळं तुम्हाला माहीत असायचं. ज्याचं उत्तर चुकलं त्याला तुम्ही कधी खाली पाडलं नाहीत, म्हणून पोरं चुकीचंही न लपवता पुढे पाठवायची. त्यातलं एकही काम गळ्याने केलेलं नव्हतं. एवढी वर्षं तुम्ही ज्याला नड म्हणत होता, ते तुम्ही रोज हाताने बांधत होता.

मी लगेच फोन करायला हवा होता. पण घशातून आवाज निघत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला हा विजय समोर बसून साजरा करायचा होता. तुम्ही गूळ तोंडात टाकायच्या आत मला तुमचा चेहरा बघायचा होता. काकूंचा निरोप आलाच होता, रविवारी हुरड्याला ये म्हणून. चार दिवस मी ते वाक्य घोळवत होते. शुक्रवारी सकाळी परिपाठ चालू असताना गंगासागरचा फोन आला. ती आता आठवीत आहे. तिने फक्त 'मॅडम, गुरुजी' एवढंच म्हटलं, आणि मला कळलं.

त्या रविवारी मी आले, पण तुम्ही नव्हता. मला सर्वांत जास्त कशाचं वाईट वाटलं माहीत आहे? तुम्ही स्वतःला अर्धा मास्तर समजतच गेलात. तुम्ही अर्धे नव्हता याचा पुरावा माझ्यापाशी होता आणि मी रविवारची वाट बघत बसले. याबद्दल मला माफ करा.

आता त्यानंतरच्या शनिवारचं सांगते. पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. पुढे तुमचे जुने विद्यार्थी, कुणी लाइनमन, कुणी नर्स, कुणी कडेवर लेकरू घेऊन आलेली. मागे गावातले लोक, आणि अगदी मागे भिंतीला टेकून बाया, त्यांच्यात काकू. टेबलावर तुमचा फोटो, लोकांकडे तोंड करून. मुख्याध्यापकांनी माझं नाव घेतलं. त्यांना माझी भाषणं माहीत आहेत, त्यामुळे त्यांनी घड्याळही बघितलं. मी माईक हातात घेतला, आणि तुमच्या फोटोशेजारी उभं राहून मोठ्याने बोलायची मला लाज वाटली. म्हणून तो खाली ठेवला. गळाही अजून पुरता सुटलेला नव्हता. मी पहिल्या ओळीशी वाकले आणि म्हटलं, "माझा गळा बसला तेव्हा माझा वर्ग उधळला. गुरुजींचा गळा बसला तेव्हा त्यांचा वर्ग बोलायला लागला. ते अर्धे मास्तर नव्हते, हे मला त्यांना सांगायचं राहिलं."

मी एवढंच बोलले. पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं. पहिल्या ओळीतली नर्स, जिला तुम्ही वीस वर्षांपूर्वी शिकवलं असेल, ती सवयीने मागे वळली. तिने मागच्याला सांगितलं. तो लाइनमन वळला. मग सगळी सभाच ओळीओळीने वळायला लागली. मुख्याध्यापकांना वाटलं लोक गप्पा मारायलेत, त्यांनी शांत बसा म्हणायला हात वर केला आणि मग तो तसाच खाली घेतला. कुजबूज भिंतीपर्यंत गेली. एका बाईने काकूंच्या कानाशी तोंड नेलं. काकू ऐकत राहिल्या. मला चालत मागे जाऊन विचारायचं होतं, पण मी पहिल्या ओळीपाशीच उभी राहिले.

मग काकूंनी पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावला. ती पुढे वाकली. उत्तर त्याच वाटेने, ओळीओळीने, पुढे यायला लागलं. नर्सपर्यंत आलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती उठून माझ्याजवळ आली, दोन हातांच्या आत.

"काकू म्हनतेत, त्यांना सांगा, आता सोताला अर्धं म्हनायचं न्हाई."

गुरुजी, हा निरोप तुमच्यासाठी होता. त्या दिवशी तुमच्याजवळची ओळ माझी होती, म्हणून पुढे आणून दिला.